एक आहेत

अकरा वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला आणि एका अनोळखी बाईने माझे आभार मानले. एकतीस वर्षांच्या नोकरीत आभार मानायला मला कुणी फोन केला नव्हता. मी परराष्ट्र खात्यात निवेदनं लिहिते. खात्याला जगाबद्दल जे काही वाटतं ते लोकांना कळेल आणि सरकारच्या अंगाशी येणार नाही अशा बेताने मांडायचं, हे माझं काम. खाली माझी सही नसते. लोक निवेदन ऐकतात, मंत्र्यांना शिव्या घालतात किंवा त्यांचं कौतुक करतात, आणि दोन्हींतलं काहीच माझ्या टेबलापर्यंत पोचत नाही. त्यामुळे "ते वाक्य तुम्हीच लिहिलंत ना?" असं त्या बाईने विचारलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मी खुर्चीत जरा ताठ बसले आणि "हो, मीच" म्हणाले. "देवासारख्या धावून आलात हो," ती म्हणाली. "तिघंही सुखरूप आहेत हे रेडिओवर ऐकलं आणि तीन आठवड्यांत काल पहिल्यांदा मला डोळा लागला. मी मधल्या फादरची आई." मी समोरच्या निवेदनाच्या कागदाकडे पाहिलं. "तिघंही" हा शब्द मी लिहिलेला नव्हता.

प्रकरण थोडक्यात असं. इथून हजारो मैलांवरच्या एका देशात, जिथे सरकार राजधानीपुरतंच उरलं आहे, आमचे तीन फादर मिळून एक शाळा चालवतात. तीन आठवड्यांपूर्वी बंदूकवाले आले आणि वर्ग चालू असताना तिघांना गाडीत घालून घेऊन गेले. त्या भागात हा प्रकार नवा राहिला नव्हता. हातात शस्त्र नाही, दाराला कडी नाही, गावात कुणालाही विचारावं तर तो घर दाखवील. धर्मगुरूला उचलणं तिथल्या टोळ्यांना सगळ्यात सोपं झालं होतं. वर्षभरात निरनिराळ्या देशांचे अकराजण गेले होते आणि प्रत्येक वेळी आमच्या खात्यानेही आपलं मत मांडलं होतं. या मतांची एक शिडी आहे. तळाला "चिंता", मग "तीव्र चिंता", मग "खेद", "निषेध", "तीव्र निषेध". कुठल्या पायरीवर उभं राहायचं ते साहेब ठरवतात, पाय मी उचलते. आमचे स्वतःचे तिघे गेले तेव्हा आम्ही एका दमात शेवटच्या पायरीवर जाऊन पोचलो, आणि पुढे पायरीच नसल्यामुळे वीस दिवस तिथेच बसून होतो. फाईलमध्ये तिघांना आम्ही थोरले, मधले आणि धाकटे म्हणायचो. प्रत्येकाचा एक कागद, कागदावर जवळच्या नातेवाइकाचा रकाना. थोरल्यांच्या रकान्यात भाऊ होता, मधल्यांच्या रकान्यात आई. धाकटे आश्रमात वाढलेले. त्यांचा रकाना रिकामा होता. मी तो कागद दोनचारदा उलटून पाहिला होता, मागे काही लिहिलंय का म्हणून.

मंगळवारी वकिलातीचा संदेश आला. एका मध्यस्थाचं थोरल्या फादरशी बोलणं झालं होतं, ते ठीक होते. मधल्या आणि धाकट्या फादरना वेगवेगळीकडे नेलं होतं आणि त्यांचा काही पत्ता नव्हता. मध्यस्थाची अट अशी की बोलणं कोणाशी झालं ते कुठेही फुटता कामा नये, घरच्यांपर्यंतही नाही. नाहीतर त्या एकाचंही काही खरं नाही. साहेब म्हणाले, "बाई, आनंदाची बातमी आहे, लोकांना देऊन टाका. पण कोण ते कळू देऊ नका. दोन ओळींत बसवा." मी चाळीस मिनिटं बसले आणि लिहिलं: सशस्त्र गटाने पळवून नेलेले फादर सुखरूप आहेत. त्यांच्या सुटकेसाठी सरकार सर्व प्रयत्न करत आहे. काय वाक्य होतं! कोण ते कळत नाही, खोटं एक अक्षर नाही. मी स्वतःवर इतकी खूश होते की घरी जाताना ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. भाषेनेच मला हात दिला होता. मान द्यायचा असला की आपण एकट्या माणसाला अनेक करतो. एक फादर येतात, दहा फादर येतात, क्रियापदाला त्यात काही फरक दिसत नाही. त्या आदराच्या आड मी एका माणसाला लपवलं. त्याच आडोशाला बाकीचे दोघेही नाहीसे झाले, हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या! ज्या बाईला सगळं ऑफिस पाठीमागे वेलांटीबाई म्हणतं, जी जेवणाच्या खोलीतल्या सूचनाफलकावरच्या चुकासुद्धा पेन्सिलीने दुरुस्त करते, तिच्या.

"तुम्हाला माझा नंबर कुणी दिला?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं. "देतंय कोण!" ती म्हणाली. "मी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते. तुमच्या बोर्डावरच्या मुलीला म्हटलं, मला मंत्री नको, सचिव नको, ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं त्यांच्याकडे जोड. चार ठिकाणी फिरवलं तिने, पण मी काही लाईन सोडली नाही." मग ती मुलाबद्दल बोलायला लागली. घरात ती त्याला अजून गधड्याच म्हणते. फादर झाल्यावर चारचौघांत मात्र "ते" म्हणावं लागलं, आणि सुरुवातीला जीभ वळायचीच नाही. एकदा पाहुण्यांसमोर "गधडे आंघोळीला गेलेत" म्हणून बसली होती. सांगताना ती हसली आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला. "काल सरकार त्याला 'आहेत' म्हणालं हो. मला इतकं भरून आलं. याचे वडील असायला हवे होते ऐकायला." मी "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. एकतीस वर्षं शब्दांवर पोट भरलेल्या बाईला दोन शब्द सुचले, आणि ते दोन्ही एकच.

साहेबांच्या खोलीकडे जायचा बोळ त्या दिवशी रंगवत होते. भिंतीवर कागद चिकटवला होता, "रगं ओला आहे". मी थांबले आणि अनुस्वार खोडून "र"वर दिला. सवयच. बोट भिंतीला लागलं आणि हिरवं झालं. दोन माणसांचा पत्ता नाही, आणि मी अनुस्वार जागेवर बसवत उभी! माझ्या या खोडीची नवऱ्याला फार गंमत वाटते. तो म्हणतो, तू नाकावर माशी बसू देत नाहीस, बसलीच तर तिचंही शुद्धलेखन तपासशील. पण मला त्या क्षणी जे वाटत होतं ते शरमेहून वेगळं होतं. मला राग आला होता. माझ्या हातून चूक झाली याचा नव्हे, चूक इतकी सुबक झाली याचा. ती कुणालाही सापडली नसती. व्याकरणाला नाही, साहेबांना नाही, विरोधी पक्षाला नाही. एका आईच्या आनंदातून ती माझ्याकडे परत आली नसती तर ती तशीच फाईलमध्ये राहिली असती आणि मी निवृत्तीच्या दिवशी तिचा नमुना म्हणून उल्लेख केला असता.

"साहेब, मंगळवारचं निवेदन चुकलंय," मी म्हणाले. साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान, सरळ माणूस, डब्यातली भाजी आवडली नाही तरी डब्याला दोष न देणारा. त्यांनी कागद काढून दोनदा वाचला. "कुठे चुकलंय? फादर सुखरूप आहेत. आहेतच की."

"एक आहेत. लोकांनी तीन ऐकलेत."

"व्याकरणात बसतं ना?"

"बसतं म्हणूनच दिसलं नाही. मलाही दिसलं नाही."

मी त्यांना फोनचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसा, बाई. दोन घरं काल शांत झोपली. उद्या तुम्ही सांगणार, एकच सुखरूप आहेत, आणि कोण ते सांगता येणार नाही. म्हणजे दोन्ही घरांची झोप उडवणार. ज्यांचा माणूस खरंच सुखरूप आहे त्यांचीसुद्धा. यात कुणाचं भलं?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि त्यांच्या आवाजात टाळाटाळही नव्हती. मी हिरवं बोट रुमालात पुसत राहिले. मग मनात काय आलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "त्यांना शोधायला खास दूत शुक्रवारी निघणार होते, ते निघतायत ना?" साहेबांनी चष्मा पुन्हा घातला आणि खिडकीकडे पाहिलं. "थोडं पुढे गेलंय. वरून विचारणा झाली. सुखरूप आहेत तर एवढी घाई कशाला, म्हणाले." मला आधी कळलंच नाही. वरच्यांकडे वकिलातीचा मूळ संदेश होता, त्यात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. पण तो लांबलचक होता. वरच्यांनी माझं निवेदन वाचलं होतं. निवेदन सोपं असतं, मी ते सोपं करते, त्याबद्दल माझी वाहवाही होते. माझ्या सोप्या वाक्यावर विश्वास ठेवून सरकारने आपल्याच दोन माणसांना शोधायचं लांबणीवर टाकलं होतं.

साहेब उठून उभे राहिले होते. त्यांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं. "ठीक आहे," ते म्हणाले. "बदलू या. साधं आहे. 'एक फादर सुखरूप आहे' करा. 'आहेत'चं 'आहे'. एक म्हटल्यावर गोंधळच नको." आणि ते खरंच साधं होतं. एक "त" काढायचा. पण माझा हात पेन्सिलीकडे जाईना, आणि मला वडील दिसले, छापखान्यातल्या त्यांच्या उंच स्टुलावर, कानामागे पेन्सिल, उजव्या हाताच्या तीन बोटांवर न जाणारी शाई. ते मुद्रितं तपासायचे. मालक त्यांना अरे-तुरे करायचा, वयाने लहान असून. छापखान्यात निधनाच्या जाहिराती यायच्या आणि मालकाचा अलिखित नियम होता: मोठ्या घरातला माणूस असला की "वारले", हमाल-गवंडी असला की "वारला". वडील तपासताना प्रत्येक "वारला"चं "वारले" करायचे. काही न बोलता, समासात एक खूण करून, खाली आपली आद्याक्षरं. अक्षरं जुळवणारा जुळारी "ला"चा शिशाचा खिळा काढून "ले"चा बसवायचा. हे अकरा वर्षं चाललं. मग मालकाच्या लक्षात आलं आणि त्याने सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणाच्या परवानगीने? मी त्या दिवशी डबा घेऊन गेले होते, चौथीत असेन. वडील स्टुलावरून उतरले, पण मान खाली घातली नाही. म्हणाले, "शाई तेवढीच लागते." दुसऱ्या दिवसापासून जाहिराती "वारले" अशाच यायला लागल्या, आणि मालक वडिलांना "अहो" म्हणायला लागला, असं मात्र झालं नाही. आईने विचारलं तेव्हा वडील म्हणाले, मला म्हणो ना म्हणो, छापायला लागला ना! मला माझ्या वडिलांचा जितका अभिमान वाटतो तितका मी कुठल्याही मंत्र्याचा बाळगलेला नाही.

"'आहे' करणार नाही, साहेब," मी म्हणाले. "त्या बाईला सरकारने मुलाला 'आहेत' म्हटल्याचं कौतुक आहे. तो मान तिच्या घरी पोचलाय. चूक माझी, मान त्यांचा का काढायचा?" तिथेच बसून मी लिहिलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. पळवून नेलेल्या तीन फादरपैकी एक सुखरूप आहेत. उरलेल्या दोघांविषयी सरकारला आज काहीही माहीत नाही. तिघांनाही परत आणणे ही सरकारची जबाबदारी आहे. मंगळवारच्या निवेदनावरून तिघेही सुखरूप असल्याचा समज झाला असल्यास ती चूक निवेदनाची आहे.

साहेब पहिल्याच ओळीला अडले. "एक आहेत? कानाला खटकतं, बाई."

"खटकू दे. खटकलं की लोक मोजतात."

दुसऱ्या ओळीला ते जास्त वेळ थांबले. "सरकार 'माहीत नाही' म्हणत नाही. 'माहिती घेण्यात येत आहे' म्हणतं. तुम्हीच तर मला शिकवलंत."

"शिकवलं खरं. पण घेण्यात येत आहे म्हणजे कोण घेतंय, साहेब? दूत तर इथेच आहेत."

ते हसले नाहीत. कागद उचलून ते स्वतः वर गेले, शिपायाहाती पाठवला नाही. मी त्यांच्याच खोलीत बसून राहिले. ओल्या रंगाचा वास येत होता. एक तास दहा मिनिटं. या शिडीवर "माहीत नाही" नावाची पायरी नाही हे मला माहीत होतं. निषेध करायला काही लागत नाही, सरकार उठता बसता निषेध करतं. माहीत नाही म्हणायचं म्हणजे उद्या लोक विचारणार, आज तरी कळलं का? परवा विचारणार. हे वाक्य एकदा बाहेर पडलं की सरकारच्या मानगुटीवर बसणार, हे वर बसलेल्यांना कळत नसेल असं नाही. साहेब आले तेव्हा कागदावर वरची सही होती आणि एक अक्षरही बदललेलं नव्हतं. "हे कुणी लिहिलं म्हणून विचारत होते," ते म्हणाले. "मी म्हटलं, खात्याने." ते असं म्हणाले की जणू खातं म्हणजे आम्ही दोघंच. मला तेव्हा आमच्या त्या कळकट इमारतीचा, तिच्या ओल्या बोळाचा, सगळ्याचाच अभिमान वाटला. मी फक्त म्हणाले, "निवेदन उद्या अकराला जाईल. पावणेअकराला मी एक फोन करणार आहे. तिने ते रेडिओवरून ऐकावं असं मला वाटत नाही." साहेबांनी न ऐकल्यासारखं केलं. ती त्यांची होकाराची पद्धत होती.

गुरुवारी पावणेअकराला मी फोन लावला. तिने पहिल्या घंटेला उचलला, "हां, बोला" असा तो जुना एक्स्चेंजचा आवाज. मी मधलं काही न घालता सांगितलं. माझं वाक्य चुकलं. सुखरूप आहेत ते तिघं नव्हेत, एक. दोघांचा पत्ता नाही. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "एक म्हणजे," ती म्हणाली, आणि मी डोळे मिटले. मला ठाऊक होतं. तिचा मुलगा त्या एकात नव्हता, आणि हे मला तिला सांगता येत नव्हतं आणि तिच्यापासून लपवावंसंही वाटत नव्हतं, आणि माझ्या श्वासावरूनसुद्धा तिला कळेल अशी भीती वाटत होती. "नको," ती म्हणाली. "सांगू नका. तुम्हाला ठाऊक आहे, ते मला कळलं. मी तेहतीस वर्षं लोकांच्या तारा जोडल्या. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा बाप गेला, मला घरच्यांच्या आधी कळायचं. कधी कुणापाशी बोलले नाही. तुमचं काम मला समजतं." मग ती रडली. मी फोन कानाला धरून ठेवला. ऑफिसात माणसं येत-जात होती, कुणीतरी खुणेने चहा विचारला, मी मान हलवली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "चूक सांगायला सरकार फोन करतं, हे मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं." मी म्हणाले, "मी सरकार नाही हो, मी नुसती लिहिते." "तेच ते," ती म्हणाली.

निवेदन अकराला गेलं आणि साडेअकराला सगळे फोन एकदम वाजायला लागले. दोघांचं काय? कोण एक? माहीत नाही म्हणजे काय, मग सरकार काय करतंय? वर्तमानपत्रांनी आमची अब्रू काढायची बाकी ठेवली नाही. एकाने लिहिलं की सरकारला एकवचन आणि अनेकवचन यांतला फरक कळत नाही, आणि मला ते कापून ठेवावंसं वाटलं, कारण तेवढाच एक माणूस मुद्द्यापाशी आला होता. खास दूत शुक्रवारी दुपारच्या विमानाने गेले. त्यानंतर रोज अकराला आम्ही सांगत होतो की आज काय माहीत आहे आणि काय नाही. कधीकधी दुसरी ओळ तशीच राहायची, पण ती लिहावी लागायची, आणि ती लिहायची लाज वाटायची म्हणून वरची माणसं दूतांच्या मागे लागायची. वकिलातीतले लोक म्हणे वैतागले. वैतागू देत.

सातव्या आठवड्यात थोरले आणि मधले फादर परत आले. विमानतळावर मंत्री होते, हार होते, मी नव्हते; मी ते निवेदन लिहीत होते. चार दिवसांनी मधले फादर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. कपडे अंगावर लोंबत होते, दाढी नीट काढलेली, आणि मागे एक ठेंगणी बाई, जिला मी आवाजाने ओळखलं. "हेच ते गधडे," ती म्हणाली. फादर बसले आणि त्यांनी माझ्या पेन्सिलींच्या डब्याकडे बघत सांगितलं. त्यांना एकट्यालाच एका कोठारात ठेवलं होतं. पहारेकऱ्याकडे रेडिओ होता, तो वाट्टेल ते लावायचा, आणि आपल्या परदेश सेवेच्या बातम्या कधी लागल्या की हे ऐकायचे. "फादर सुखरूप आहेत, हे तिथेच ऐकलं," ते म्हणाले. "मला वाटलं, संपलं. मी सुखरूप आहे असं इथे सगळे धरून चाललेत. मग मला शोधायला येणार कोण? दोन दिवस मी जेवलो नाही. आणि मग ते लागलं, दोघांविषयी काहीही माहीत नाही. मी मोठ्याने हसलो, पहारेकऱ्याला वाटलं याचं डोकं फिरलं. त्या दोघांतला एक मी! माझ्याविषयी काही माहीत नाही, हे सरकारला माहीत आहे. मी त्याला खुणेने म्हटलं, आण जेवण." मला त्यांना सांगायचं होतं की ते पहिलं वाक्यही माझंच होतं. आईने त्यांना सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते तसे बोलले नसते. मी सांगितलं. "ते न जेवलेले दोन दिवस माझ्यामुळे," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि ते म्हणाले, "दुसरं वाक्य पण तुम्हीच लिहिलंत ना. मग झालं." झालं नव्हतं, पण त्यांनी म्हटलं ते मी ठेवून घेतलं.

जाताना ती बाई मागे राहिली. "धाकट्यांचं काय?" तिने हळू विचारलं. मी फाईल उघडून कागद दाखवला, तसा तो दाखवायचा नसतो. रिकाम्या रकान्यावर तिने बोट ठेवलं. "इथे कुणीच नाही?" "आश्रमात वाढलेत ते." "मग त्यांच्यासाठी फोन कोण करतं?" कुणीच करत नव्हतं. इतके आठवडे वाजणाऱ्या सगळ्या फोनांत धाकट्यांसाठी एकही नव्हता. "मला घाला तिथे," ती म्हणाली. मी म्हणाले, अहो, नातं लिहावं लागतं. "लिहा ना. आई लिहा. शाई तेवढीच लागते ना?" हे मी तिला कधी सांगितलं होतं ते मला आठवेना, कधीतरी फोनवर, सांगायला नवीन काही नव्हतं त्या एखाद्या दिवशी सांगितलं असेल. मी पेन्सिल ठेवली, पेन घेतलं, आणि सरकारी कागदावर नियमात न बसणारा एक शब्द लिहून खाली वडिलांसारखी आद्याक्षरं घातली. एकतीस वर्षांत माझी सही असलेलं ते पहिलं लिखाण.

आता याला आठ महिने झाले. साहेबांची बदली झाली, नवीन साहेब आले. निवेदन आता रोज जात नाही, दर सोमवारी अकराला जातं, कारण ते बंद करायचं धाडस कुणाला होत नाही. दोघे परतले आहेत. शाळा चालवणारे तिसरे एक फादर अजून परतायचे आहेत. ते कुठे आहेत ते सरकारला आजही माहीत नाही; त्यांना परत आणणे ही सरकारची जबाबदारी आहे. परवा नवीन साहेबांनी मला बोलावलं. "बाई, आठ महिने झाले. आपण वास्तववादी राहू या. 'शाळा चालवणारे' काढून 'शाळा चालवत होते' करा." मी विचारलं, "काही बातमी आली का?" "नाही, तसं नाही." "मग बातमी येईपर्यंत चालवतात." त्यांनी कागद आहे तसा माझ्याकडे परत सरकवला. त्यांना बहुतेक माझं पाठीमागचं नाव आधीच कुणीतरी सांगितलेलं असावं. मार्चअखेर मी निवृत्त होते. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला मी बाकी सगळी शिडी एका दुपारी शिकवली. हे एक वाक्य मात्र तिच्याकडून मी रोज लिहून घेते. आधी तिने शेवटी नुसतं "आहे" लिहिलं, मग स्वतःच थांबून "त" घातला. मला काही बोलावं लागलं नाही.

सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजतो. बोर्डावरची मुलगी आता विचारत नाही, सरळ जोडते.

"मी धाकट्या फादरची आई बोलतेय," पलीकडचा आवाज म्हणतो. "आहेत ना?"

"आहेत," मी म्हणते.